नोंदवहीतलं शहाणपण आणि पडद्यावरची यादी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "तू तुझ्या कामाबद्दल बोल. पण वीस मिनिटांत आटप." आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, एक जण सैन्यातून निवृत्त होऊन आलाय. त्यांच्या कामाबद्दल लोकांना कुतूहल असतं. ग्रंथपालाचं काम मात्र सगळ्यांना आधीच माहीत असतं. खुर्चीत बसायचं, अधूनमधून 'शांतता राखा' म्हणायचं आणि पुस्तक उशिरा आलं की दंड घ्यायचा. ही तिन्ही कामं मी इमानेइतबारे केली आहेत. आज बोलणार आहे ते चौथ्या कामाबद्दल. आमच्या ग्रंथालयातली माणसं संगणकावरची आणि इंटरनेटवरची नवी साधनं कशी शिकली, त्याबद्दल.

आमचं ग्रंथालय तालुक्याच्या गावचं, सार्वजनिक, शासनमान्य. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. आमचा वर्ग ब. म्हणजे माणसं मोजकी आणि पगार त्याहून मोजके. मी ग्रंथपाल. लिपिक म्हणून जे आहेत त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं. शिपाई म्हणून मावशी, आठवी शिकलेल्या. आणि अलीकडे सहायक म्हणून आलेली एक तरुण मुलगी. एवढाच आमचा फौजफाटा.

जुनी पद्धत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याची ओळ भरायची: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. मग वर्गांक द्यायचा. अमेरिकेतल्या मेलविल ड्युई यांनी १८७६ साली दशांशांची जी पद्धत छापली, तीच आम्ही वापरतो. तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. पुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कादंबरी-कथा. मग कार्डं लिहायची, एक लेखकाचं, एक शीर्षकाचं, एक विषयाचं, आणि ती लाकडी पेटीत अकारविल्हे लावायची. मावशींना ड्युई कोण ते ठाऊक नव्हतं. पण परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की त्या पाठीवरचा आकडा वाचून न चुकता त्याच्या फळीवर ठेवत. "८९१.४६३, गोष्टीचं दिसतंय," असं म्हणत ठेवत.

मग कार्यकारिणीने ठरवलं, की ग्रंथालय संगणकावर न्यायचं. ग्रंथालयांसाठी आपल्या देशात अनेक प्रणाली चालतात. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची सोल आहे. आम्ही निवडली कोहा. तिची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयांचा जुना संगणक १९९९ संपून २००० साल लागलं की बंद पडेल अशी भीती होती. नवी प्रणाली विकत घेणं परवडेना. तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक तयार करून घेतली. ती २००० सालच्या जानेवारीत सुरू झाली आणि त्यांनी ती सगळ्या जगाला फुकट वापरायला देऊन टाकली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, आहेर. म्हणजे आमच्यासारख्याच एका हात आखडलेल्या ग्रंथालयाने दिलेला आहेर आम्ही वापरतो आहोत.

आहेर फुकट आला, शिकणं मात्र फुकट येत नाही. सुरुवातीला शहरातल्या एका संस्थेत एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. भाऊ आणि मी पहाटेची एसटी धरून गेलो. मोठं सभागृह, मोठा पडदा, आणि वेगात बोलणारे इंग्रजी. शिकवणारे गृहस्थ एका मागून एक खिडक्या उघडत होते. चहा चांगला होता. दुपारी जेवण होतं. संध्याकाळी एक फोल्डर, एक पेन आणि प्रमाणपत्र मिळालं. दिवसभरात आम्हा दोघांपैकी कुणीही कळफलकाला हात लावला नव्हता, कारण तिथे कळफलक एकच होता आणि तो त्या गृहस्थांसमोर होता. परतीच्या एसटीत भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, मला प्रमाणपत्र मिळालंय की मला काही येत नाही."

ते हसून म्हणाले, पण त्यामागे भीती होती. तेव्हा त्यांची निवृत्तीला आठ वर्षं उरली होती. कार्यकारिणीतले एक सदस्य उघडपणे म्हणत होते, की संगणक आल्यावर लिपिक कशाला? भाऊंच्या कानावर ते गेलं होतं. ज्या यंत्रामुळे आपली खुर्ची जाणार असं वाटतं, ते यंत्र माणूस मन लावून शिकेल कसं? हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. भाऊंची बुद्धी कमी पडत नव्हती, वयही आड येत नव्हतं. आड येत होती ती ही धास्ती.

म्हणून मी आधी कार्यकारिणीकडे गेले. दोन गोष्टी मागितल्या. एक, संगणक आल्यामुळे कुणालाही कमी करणार नाही, असा ठराव. दोन, दर बुधवारी दुपारी दोन ते तीन देवघेव बंद, तो तास शिकण्याचा, आणि तो कामाच्या वेळेतला. दुसऱ्या मागणीवर जास्त वाद झाला. वाचकांची गैरसोय होईल, म्हणाले. शेवटी दोन्ही मंजूर झालं. पुढे जे काही जमलं ते या दोन ठरावांमुळे जमलं, असं मी आजही मानते.

बुधवारचा नियम साधा होता. एका तासाला एकच गोष्ट. माउस ज्याला शिकायचंय त्याच्या हातात, शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. जो शिकला त्याने पुढच्या बुधवारी ते दुसऱ्याला शिकवायचं. आणि सराव खऱ्या यादीवर करायचाच नाही. कोहाची एक वेगळी प्रत आम्ही फक्त सरावासाठी ठेवली. तिच्यात कुणी काहीही पुसलं तरी बिघडत नव्हतं. "काही मोडेल का?" ही धाकधूक गेली की माणूस निम्मं शिकलेला असतो.

नोंदीचा नमुना मार्क नावाचा असतो. जगभरची ग्रंथालयं तो वापरतात. त्यात प्रत्येक माहितीला आकडा असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ३०० म्हणजे पृष्ठं आणि आकार, ०८२ म्हणजे ड्युईचा वर्गांक. पहिल्यांदा पाहिलं की डोळे फिरतात. भाऊंनी काय केलं? जुनी दाखल नोंदवही उघडली आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर पेन्सिलीने तो तो आकडा लिहिला. म्हणाले, "हे तर तेच आहे. फक्त रकान्यांना नावाऐवजी नंबर दिलेत, एसटीच्या सीटसारखे." त्या दिवशी मला कळलं, की भाऊंना नवीन असं फार थोडं शिकायचं होतं. तीस वर्षं ते हेच करत होते.

आता मराठीचा प्रश्न. तो इंग्रजी पुस्तकांची नोंद करणाऱ्यांना कधी पडत नाही. आमच्याकडे पूर्वी एका हौशी सभासदाने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये दोनेक हजार पुस्तकांची यादी टंकून दिली होती. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असत. नव्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, तेव्हा ती सगळी यादी अगम्य इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसू लागली. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, म्हणून कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसतं. हे समजल्यावर आम्ही ठरवलं: जे लिहायचं ते युनिकोडमध्येच.

तरीही एक गंमत झाली. एका वाचकाला अ‍ॅगाथा ख्रिस्तीचे अनुवाद हवे होते. फळीवर पुस्तकं समोर दिसत होती आणि संगणक म्हणत होता, नाहीत. भाऊंनी दोन बुधवार डोकं घातलं आणि शोधून काढलं. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टंकता येतं. एक, अ वर चंद्र देऊन. दुसरं, आख्खं एकच अक्षर म्हणून, ज्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळी. सहायक मुलगी एक प्रकार वापरत होती, भाऊ दुसरा. त्या दिवसापासून भिंतीवर एक कागद लागला: 'ॲ असा टंकावा.' त्याखाली पुढे भर पडत गेली. आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही, ऱ्य कसा काढायचा, आडनाव आधी की नाव. आज त्या कागदाच्या चार झेरॉक्स प्रती शेजारच्या तालुक्यांतल्या ग्रंथालयांत लागलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट टोपणनावांची. आपल्या साहित्यात एकाच माणसाची दोन-तीन नावं हा नेहमीचा मामला. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत आरती प्रभू होतात. वि. वा. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज. संगणकाला हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याच्या लेखी ही वेगवेगळी माणसं. कार्डांच्या काळात आम्ही 'पाहा' कार्ड लावत होतो, 'गोविंदाग्रज, पाहा गडकरी' असं. कोहातही नावांची वेगळी यादी ठेवून ती जोडता येतात. पण कुठली नावं जोडायची हे कुणाला माहीत? भाऊंना आणि, तुम्हाला आश्चर्य वाटेल, मावशींना. मावशींनी कवितासंग्रह वाचले नव्हते. पण तीस वर्षं "अमक्याचं आहे का हो?" असं विचारणाऱ्या वाचकांना भाऊ काय उत्तर देतात, ते त्यांनी ऐकलं होतं. आमची सहायक मुलगी टंकत होती आणि दोघं तिला सांगत होते. संगणक तिला चांगला येत होता, साहित्य त्यांना. त्या तीन महिन्यांत आमची यादी खऱ्या अर्थाने यादी झाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दारं बंद. तेव्हा आमच्या हातात जी साधनं आली ती मोबाइलवरची होती. सहायक मुलीने एक गूगल फॉर्म केला: नाव, कोणतं पुस्तक हवं, कधी न्यायला याल. पुढे परवानगी मिळाली तेव्हा आधी मागणी, मग ठरल्या वेळी दारातून पुस्तक, अशी पद्धत त्यामुळेच चालली. मधल्या काळात भाऊंनी वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज एक दुवा पाठवायला सुरुवात केली. मराठी विश्वकोशातली एखादी नोंद, जी आता घरबसल्या फुकट वाचता येते. भारताच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातलं एखादं पुस्तक. शाळेतल्या मुलांना ते फार उपयोगी पडलं.

त्याच काळात आम्ही एक कठीण गोष्टही शिकलो: नाही म्हणायला. गटावर नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. वाचक म्हणत, "ग्रंथालयानेच पाठवा ना." आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून सर्वांना खुली. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. हा हिशोब भाऊंनी वहीत लिहून ठेवला. कुणी रागावलं की ते शांतपणे वर्षं मोजून दाखवत. पुस्तकांवर जगणाऱ्या जागेने लेखकाचाच खिसा कापायचा नाही, एवढं साधं ते होतं.

मावशींबद्दल दोन वाक्यं जास्त बोलते. ग्रंथालय पुन्हा उघडलं तेव्हा आमच्या एकुलत्या इंटरनेटच्या संगणकावर रांग लागू लागली. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचं प्रवेशपत्र, कुणाची पेन्शनची चौकशी. मुलं अर्ज भरून निघून जात आणि आधारकार्डाच्या, गुणपत्रिकेच्या प्रती त्या संगणकावर तशाच पडून राहत. कुणाचं ईमेल उघडंच राही. मावशींनी बुधवारी एवढंच शिकून घेतलं: डाउनलोडची खोली कशी उघडायची, तिथलं कसं पुसायचं, कचराकुंडीही कशी रिकामी करायची, आणि बाहेर कसं पडायचं. रोज संध्याकाळी केर काढतात तसा त्या संगणकाचाही केर काढतात. आमचे एक ज्येष्ठ वाचक, निवृत्त शिक्षक. त्यांच्या मोबाइलवर वीजबिल थकल्याचा निरोप आला, सोबत दुवा. ते घाबरून दाबणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "काका, थांबा. बिल घरात असतंय ना? आधी ते बघा. आणि नंबर आला तर कुणाला सांगायचा नाही." काकांचं बिल भरलेलं होतं. त्यांचे किती पैसे वाचले ते कुणी मोजले नाहीत. मावशींचा पगार मात्र त्यानंतरही तेवढाच आहे.

आता नवं साधन आलंय, प्रश्न विचारला की लगेच उत्तर लिहून देणारं. महाविद्यालयातली मुलं त्यावरून संदर्भयादी काढून आमच्याकडे येतात. यादी अतिशय नीटनेटकी असते. अडचण अशी, की त्यातली काही पुस्तकं कधी कुणी लिहिलेलीच नसतात. लेखक खरा, प्रकाशन खरं, पुस्तक खोटं. आम्ही मुलांना रागावत नाही. त्यांना शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची काढून देतो. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची नोंद एका माणसाने ध्यास घेऊन केली, तो ग्रंथ हातात घेतला की मुलं जरा गप्प होतात. मग म्हणतो, आता तुझ्या यादीतलं एकेक नाव यात आणि आपल्या कोहात शोध. नवं साधन आम्ही नाकारलं नाही. मी स्वतः पत्रांचे मसुदे करायला ते वापरते. पण ते जे सांगतं ते तपासायचं कसं, हे ज्याला येतं त्याच्याच हातात ते शोभतं.

ज्यांना आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो ते डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांना या कामाचा काडीचा अनुभव नव्हता. थोड्याच दिवसांत कंटाळून परत वर्गावर जायला निघाले होते. त्यांना इंग्लंडला पाठवलं, त्यांनी तिथली ग्रंथालयं पाहिली, आणि मग ते परतले ते आयुष्यभरासाठी. म्हणजे तिशी ओलांडलेल्या माणसाला शिकायला वेळ दिला, रजा दिली, विश्वास दिला, त्याचं हे फळ. त्यांच्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. मी नम्रपणे त्याला एक जोड देईन: वाचकाचा वेळ वाचायचा असेल तर आधी कर्मचाऱ्याला शिकायला वेळ द्यावा लागतो.

भाऊ गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी यादीत तेरा हजारांवर नोंदी होत्या. लिपिक कशाला, असं विचारणारे ते सदस्य हार घालायला पुढे होते. भाऊंची जागा अजून भरलेली नाही. ती भरली जाईल की नाही हे मला सांगता येत नाही. म्हणून आता बुधवारचा तास मावशी आणि ती मुलगी, दोघीच चालवतात.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण आहे. आज सकाळी मी आपल्या शाळेचं ग्रंथालय पाहून आले. कपाटं तीच आहेत. नोंदवह्याही त्याच, पहिल्या पानावर आपल्या जुन्या बाईंचं वळणदार अक्षर आहे. आपण माजी विद्यार्थी शाळेला काय द्यायचं याची चर्चा दुपारी होणार आहे आणि कुणीतरी पाच संगणक म्हणेल, हे मला माहीत आहे. जरूर द्या. पण सोबत तीन गोष्टी द्या. एक, आठवड्यातला एक तास, जो शाळा ग्रंथालयाच्या बाईंना शिकण्यासाठी मोकळा देईल. दोन, आपल्यापैकी ज्यांना संगणक येतो त्यांनी महिन्यातून एकदा शेजारी बसायचं, हात पाठीमागे ठेवून. तीन, यादीची एक प्रत दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवायची व्यवस्था, म्हणजे यंत्र बिघडलं तरी केलेलं काम बुडणार नाही.

पहिल्या महिन्यात मी स्वतः येईन. कोहाची सरावाची प्रत, भिंतीवरचा तो कागद आणि मावशी, तिघांना घेऊन. मावशींनी होकार दिलाय. फक्त त्यांचं म्हणणं आहे, की येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं शाळेने द्यावं. मला ते रास्त वाटतं.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. एकदाही 'शांतता राखा' म्हणावं लागलं नाही.